तिसरं ‘व्हय महाराजा’

पोस्टिंगची तार आली तेव्हा मी आणि इनास रापण ओढत होतो. दोघेही एका पलटणीत, एका प्लाटूनमध्ये, सुट्टीही एकदमच मिळालेली. पोस्टमन किनाऱ्यावर आला आणि लांबूनच ओरडला, “सुट्टी संपली तुमची!” जाळं अजून पाण्यात होतं. आम्ही ते बाहेर काढलं, वाटा घेतला आणि मग तार वाचून घेतली. तीन दिवसांत हजर व्हायचं होतं. पलटण वर बर्फात चालली होती.

मी चौथी पास आहे. पाचवीत चार दिवस गेलो, मास्तरांशी पटलं नाही. लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ चुकेल. वेळ आणि माणसं चुकणार नाहीत. तेव्हा फौजेत नायक होतो, पुढे हवालदार होऊन घरी आलो. ज्यांनी फौज पाहिली नाही त्यांच्यासाठी हे लिहितो.

रापण म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण पुढे लागेल. होडीतून मोठं जाळं समुद्रात अर्धगोल टाकायचं आणि दोन्ही बाजूंचे दोर वाडीतल्या सगळ्यांनी किनाऱ्यावरून ओढायचे. दोराच्या अगदी शेवटी एक माणूस असतो. तो दोराचा एक वेढा कमरेला घेतो आणि टोक हातात धरतो. गाठ मारत नाही. समुद्राने ओढ घेतली तर सोडता आलं पाहिजे, नाहीतर तो बाकीच्यांच्या अंगावर जातो. आमच्या वाडीत ही जागा इनासची. त्याचा बापही तिथेच उभा राहायचा.

इनासचं घर आमच्या घरापासून हाकेवर, खाडीच्या बाजूला, खुरसाजवळ, म्हणजे क्रॉसजवळ. ते किरिस्तांव, आम्ही गावकर. माझे वडील देवळात गाऱ्हाणं घालायचे. म्हणजे गावाच्या वतीने देवासमोर उभं राहून मागणं मागायचं. ते एकेक मागणं बोलायचे आणि सगळा गाव “व्हय महाराजा” म्हणायचा. जत्रेला इनासही लहानपणापासून येऊन ओरडायचा. सगळ्यांत मोठा आवाज त्याचा.

निघायच्या दिवशी सकाळी वडील कौल लावायला देवळात गेले. आमच्याकडे मोठ्या कामाआधी देवाला विचारतात. गुरव देवाच्या पाषाणाला पाणी लावून उजवीकडे आणि डावीकडे फुलाच्या पाकळ्या चिकटवतो. प्रश्न घालायचा आणि वाट बघायची. उजवी पडली तर होय. डावी पडली तर नाही. काहीच पडलं नाही तर देव बोलत नाही असं समजायचं.

एसटी ०९३० ची. कोकण रेल्वे तेव्हा यायची होती, कोल्हापूर गाठून पुढची गाडी पकडायची. वडिलांचा पत्ता नाही. मी ट्रंक टपावर टाकली. इनासची आई रोजामाय खिडकीपाशी उभी होती. तिने त्याच्या गळ्यात जपमाळ घातली आणि म्हणाली, “देव तुझ्या वांगडा आसा रे पुता.” वांगडा म्हणजे सोबत. एवढंच बोलली. रडली नाही.

ड्रायव्हरने गाडी चालू केली तेव्हा वडील धावत आले. धोतर गुडघ्यापर्यंत, डोक्याला काही नाही.

“सदा! देवान उजवो दिल्यान रे! उजवो!”

गाडीतल्या लोकांनी हात जोडले. माझी छाती फुगली. मी काहीच विचारलं नाही. आमच्याकडे लहान पोराला पण माहीत असतं की कुठली पाकळी पडली हे विचारायच्या आधी प्रश्न काय घातला होता ते विचारायचं. मी फौजेत राहून विसरलो होतो, किंवा मला विचारायचंच नव्हतं.

इनास म्हणाला, “झाला. आता तुका गोळी लागाची नाय. मी तुझ्या पाठसून रवतंय.”

“रव. बरा होतला तुझा.”

“माका वायच जागा दी आधी. सगळी सीट घेतलंस, देव तुझो म्हणान.”

*

आमची पोस्ट कुठे होती ते सांगत नाही. उंची एवढी की चहा उकळायचा पण पत्ती उतरायची नाही. तेरा माणसं, दोन फायबरच्या झोपड्या, ऊब घ्यायला एक रॉकेलची बुखारी, म्हणजे शेगडी. पोस्ट कमांडर एक सुभेदार साहेब. सेंट्री दोन-दोन तास. ०६०० ला बर्फ वितळवायला ठेवायचा, ०७३० ला वायरलेस सेटवर रिपोर्ट द्यायचा, मग दोर, फावडी, हत्यारं साफ. लढाई नव्हती. समोरच्या पोस्टवरची माणसं आमच्यासारखीच बर्फ काढताना दिसायची.

कौलाची गोष्ट मी सगळ्यांना सांगितली होती. एकदा नाही, अनेकदा. बर्फाच्या भेगेवरून शिडी टाकली की पहिला मी. कोणी मागे खेचलं तर म्हणायचो, “माझो उजवो आसा.” घाटावरच्या पोरांनाही हे वाक्य पाठ झालं होतं. साताऱ्याकडचा सर्जेराव तर भाजीत मीठ कमी पडलं तरी म्हणायचा, “नायक साहेब, तुम्ही पहिला घास घ्या. तुमचं उजवं हाय.”

एकदा बर्फ सुरू झाला आणि सलग नऊ दिवस थांबला नाही. सप्लाय बंद, हेलिकॉप्टर बंद. सुट्टीवर गेलेले खाली अडकले, आम्ही वर. कधी सुटू ते कोणालाच माहीत नाही. पाचव्या दिवशी दुपारी बुखारीपाशी मी इनासला विचारलं, “तुमच्याकडे कौल नाय. मगे तुमका देव सांगता कसो?”

“सांगल्यान आसा आधीच.”

“काय?”

“वांगडा आसंय म्हणान.”

“येवढाच?”

“येवढाच.”

“घराक नेतलंय म्हणान?”

“ता सांगूक नाय.”

मी हसलो. “मगे ह्यो अर्धोच शब्द झालो रे. माझो देव बघ. उजवो म्हणजे उजवो.”

इनास फावडं पुसत होता. म्हणाला, “माका अर्धो पुरता. आवस माझी तेवढ्यारच जगली, बापूस गेलो तेवापासून.” मग फावडं माझ्या हातात दिलं. “आता ऊठ. पुऱ्या शब्दाचो माणूस तू, दरवाजातलो बर्फ काढ.”

*

नवव्या दिवशी सर्जेरावला खोकल्यातून गुलाबी फेस आला. नर्सिंग असिस्टंटने कान लावला आणि साहेबांना बाजूला घेतलं. फुप्फुसात पाणी झालं होतं. खाली नेला तर जगेल, ठेवला तर संध्याकाळ काढणार नाही. हेलिकॉप्टर ढगांमुळे येणार नव्हतं. खालच्या कॅम्पवरून एक पार्टी वर यायला निघाली. आम्ही अर्ध्या वाटेवर तिला पेशंट द्यायचा असं ठरलं.

साहेबांनी विचारलं, “कौन ले जाएगा?”

मी एक पाऊल पुढे आलो. इनास माझ्या मागे. आणखी दोन जवान निघाले.

१००५ ला आम्ही पोस्ट सोडली. सर्जेरावला स्लीपिंग बॅगमध्ये घालून स्लेजवर बांधला होता. ऑर्डर मी दिली. पुढे मी, काठीने बर्फ तपासत. मधे दोघं जवान स्लेज ओढत. शेवटी इनास, स्लेज उतारावर धावू नये म्हणून मागून दोर धरून. धोका पुढे असतो असं मला वाटत होतं, आणि माझा उजवा होता. म्हणून पुढे मी. इनासला मागे ठेवला कारण दोर धरण्यात त्याच्यासारखा पलटणीत कोणी नव्हता.

निघताना बघितलं तर त्याने दोराचा कमरेला नुसता वेढा घेतलेला.

“गाठ मार.”

“रापणीत गाठ मारतत काय?”

“ही रापण नाय. ऑर्डर आसा.”

“बरा, नायक साहेब,” म्हणाला आणि दोर तसाच ठेवला. मी पुन्हा बोललो नाही. वेळ नव्हता.

११२५ ला आम्ही एक नाला ओलांडत होतो. मी पलीकडे पोचलो होतो. स्लेज काठावर येत होती. वरून आवाज आला तो मोठा नव्हता. गोणपाट फाटल्यासारखा. मी वर बघेपर्यंत बर्फ आला आणि इनासला घेऊन खाली गेला.

स्लेज जागेवर राहिली. दोघं जवान तोंडावर पडले पण जागेवर राहिले. दोराचं टोक बर्फावर मोकळं पडलं होतं. गाठ असती तर स्लेजसकट चौघंही गेले असते. हे मी तेव्हा एका नजरेत समजलो आणि आजपर्यंत त्यात काही बदललेलं नाही.

तो चाळीस यार्ड खाली होता, छातीपर्यंत गाडलेला. शुद्धीवर. आम्ही तिघांनी हाताने आणि पाठपिशवीतल्या ताटांनी उकरलं. कमरेखाली त्याचं काही हलत नव्हतं आणि ओठाला रक्त होतं. नर्सिंग असिस्टंट सोबत नव्हता, पण मला कळत होतं.

सेट माझ्या पाठीवर होता. ११४५ ला साहेबांचा आवाज आला.

“ब्राव्हो वन, सिच्युएशन बताओ, ओव्हर.”

मी सांगितलं.

“पेशंट को लेके नीचे निकलो. रुकना मना है. और स्लाइड आएगी. ओव्हर.”

पुढचा उतार सोपा होता. खालच्या पार्टीचे लाल जॅकेट सहाशे यार्डांवर दिसत होते. मी दोघांना सांगितलं, “घेऊन जा. धावू नका.” सर्जेरावने बॅगेतून डोळे उघडून बघितलं.

“दो नीचे आ रहे हैं पेशंट के साथ. मैं यहाँ हूँ. ओव्हर.”

“किसके ऑर्डर से?”

मी सेट बंद केला. नंतर चौकशीत बॅटरी संपली असं सांगितलं. खोटं सांगितलं. पंचवीस वर्षांच्या नोकरीत हुकूम एकदाच मोडला, तो हा.

मी इनासच्या पाठीमागे बसलो आणि त्याला माझ्या छातीशी टेकवून घेतलं.

“तू जाऊक नाय?”

“बॅटरी गेली.”

“खोटा सांगतंस.”

“तुका घराक नेतलंय मी. माझो उजवो आसा.”

तो हसला. हसताना त्याला दुखलं. “तुझो तुका पुरे, मेल्या. वायच बस हंयसर.”

“बसलंय.”

“गाठ मारूक नाय मी. रागावलंस?”

“बरा केलंस.”

मग त्याने त्याची प्रार्थना सुरू केली आणि दम लागून थांबला. मला म्हणाला, “तू म्हण.” मला त्याची प्रार्थना येत नव्हती. मला एकच येतं, वडिलांचं ऐकून ऐकून. मी मोठ्याने गाऱ्हाणं घातलं, बर्फात, एकट्याने.

“बा देवा महाराजा! ह्यो तुझ्या गावचो झील परमुलखात पडलो आसा. तेच्या वांगडा रव रे महाराजा!”

इनास म्हणाला, “व्हय महाराजा.” जत्रेत म्हणायचा तसंच, फक्त हळू.

“तेचा दुखणा हलका कर रे महाराजा!”

“व्हय महाराजा.”

“तेच्या आवशीक सांभाळ रे महाराजा!”

मी थांबलो. पुन्हा म्हटलं. मग त्याच्या तोंडाशी हात नेला. १२०५ झाले होते.

तिसऱ्याला मीच “व्हय महाराजा” म्हटलं.

*

त्याला खालच्या कॅम्पशेजारी पुरलं. तेव्हा गावी आणायची सोय नव्हती. पलटणीने शेवटचा बिगूल वाजवला, पाद्री नव्हता म्हणून सुभेदार साहेबांनी टोपी काढून दोन शब्द सांगितले. मला त्यांनी पंधरा दिवस एक्स्ट्रा ड्युटी दिली आणि संध्याकाळी आपला रमचा पेग माझ्याकडे पाठवला. सर्जेराव वाचला.

चार महिन्यांनी सुट्टी मिळाली. माझ्या ट्रंकेत इनासची जपमाळ होती. एसटीतून उतरलो तो आधी रोजामायच्या घरी गेलो. मी गोळीबारात घाबरलो नाही, पण तिच्या पायरीवर माझे पाय थांबले. तिने विचारलं असतं की त्याला मागे कोणी ठेवला, तर मी सांगणार होतो. मी ठेवला. माझा उजवा होता म्हणून.

तिने माळ हातात घेतली, एकेक मणी चाचपला. मग एकच विचारलं.

“तो एकटो होतो?”

“नाय गो माय. मी वांगडा होतंय. शेवटपर्यंत.”

तिने डोळे मिटले. म्हणाली, “मगे देवान शब्द पाळल्यान.” आणि चूल पेटवायला गेली. मला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. बांगड्याचं तिखलं आणि भात होता. तिने स्वतः पण खाल्लं.

घरी आलो तेव्हा माझ्या डोक्यात राग भरला होता. वडील माडाच्या झावळ्या विणत बसले होते.

मी म्हटलं, “तुमच्या देवान एकाकच उजवो दिल्यान बाबानू. दुसऱ्याक कित्या नाय?”

वडिलांचे हात थांबले. “कोणी सांगल्यान तुका, एकट्याक म्हणान?”

“तुम्हीच मा इल्लात धावत.”

“काय इचारलंय ता इचारलंस तू?”

तेव्हा त्यांनी सांगितलं. आधी त्यांनी विचारलं होतं, दोन्ही झील, म्हणजे मुलगे, जिवंत परत येतील काय. दोन्ही पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत. तासभर बसले. पाणी पुन्हा लावलं, पुन्हा विचारलं. नाही. शेवटी गुरव वैतागून म्हणाला, “अण्णा, एसटी सुटात. देव सांगणा नाय ता तेका इचारूच नको. दुसरा काय तरी इचार.”

“मगे मी इचारलंय,” वडील म्हणाले, “बा देवा, दोघांच्या वांगडा तरी रवतलंस मा? हात जोडूक नाय हुतंय मी अजून, उजवी खाली.”

“म्हणजे तुम्ही माका फसवलात.”

“मी फसवूक नाय. तू इचारूक नाय.”

आम्ही बापलेक सारखेच हट्टी. तो दिवस एकमेकांशी बोललो नाही. मी किनाऱ्यावर जाऊन बसलो. रापण चालू होती. शेवटच्या जागी इनासचा चुलतभाऊ उभा होता, कमरेला वेढा, टोक हातात. ज्याला मी अर्धा शब्द म्हणून हसलो होतो, तोच शब्द मला मिळाला होता. माझ्या देवाने आणि इनासच्या देवाने वेगवेगळं काही सांगितलंच नव्हतं. पुरा मीच करून घेतला होता, माझ्या मोठेपणापायी. आणि ज्या वीस मिनिटांत शब्द पाळायची वेळ आली, तेव्हा तिथे बसायला देवाला मीच सापडलो. सेट बंद करणारा, खोटं बोलणारा. चौथी पास माणसाला यापेक्षा जास्त सांगता येत नाही. पाद्रीबाबांना आणि गुरवाला दोघांना विचारलं, त्यांनाही येत नाही.

त्यानंतर मी बर्फात तीनदा गेलो, आणखी दोन ठिकाणी गोळीखाली राहिलो. कौल लावू दिला नाही. सगळ्यांच्या पुढे जायचोच, पण आता मागच्या माणसाकडे वळून बघायचो.

*

रोजामाय पुढे बरीच वर्षं जगली. मी नोकरीत असेपर्यंत माझी बायको तिच्या घरी रोज एक फेरी मारायची, पेन्शन आल्यावर मी. भांडण खूप व्हायचं. मी तिच्या घराचं छप्पर नीट शाकारत नाही म्हणून ती मला सगळ्या वाडीसमोर बोलायची. गेली तेव्हा शवपेटीला पुढून खांदा मी दिला. देवळातल्या दोघा-चौघांनी कुरकुर केली. मी म्हटलं, पुढे येऊन अडवा. कोणी आलं नाही.

सर्जेराव अजून आहे. दर वर्षी त्या दिवशी बरोबर ११२५ ला फोन करतो. त्याला पाच नातवंडं. मी त्याला आमसुलं पाठवतो, तो गूळ पाठवतो. फोनवर जास्त बोलत नाही. “नायक साहेब, हाय का?” “आसंय.” “मी पण हाय.” झालं.

गाऱ्हाणं आता मी घालतो. गुडघा वाकत नाही, पण आवाज आहे. माणसं पूर्वीपेक्षा जास्त घाबरलेली वाटतात. कोणाचा मुलगा आखातात, कोणाचा नवरा बोटीवर. गेल्या महिन्यात शेजारची सुनंदा आली. तिच्या नवऱ्याचं जहाज जिथून जातं तिथे गडबड चालू आहे, तीन दिवस फोन नाही. म्हणाली, “आजोबानू, कौल लावा. तो येतलो काय ता इचारा.”

मी तिला बसवली आणि हे सगळं सांगितलं, इथे लिहिलं तसंच. ती म्हणाली, “मगे काय इचारूचा?”

“देवान काय सांगल्यान आसा, ता.”

ती रागावून उठली. दारात थांबली. मग म्हणाली, “बरा. ताच इचारा.” आम्ही गेलो. कौल लावला, वडिलांचा तोच जुना प्रश्न घातला, ‘वांगडा रवतलंस मा?’ काय पडलं ते तिचं तिला माहीत, मी लिहिणार नाही. पण ती घरी जाऊन जेवली, हे मी बघितलं. नवऱ्याचा फोन पुढच्या आठवड्यात आला. आला नसता तरी मी हेच लिहिलं असतं.

जत्रेला गावाचं गाऱ्हाणं संपलं की शेवटची तीन मागणी मी इनासचं नाव घेऊन घालतो. पहिली दोन जशीच्या तशी. पहिल्या वर्षी कोणीतरी म्हणालं, किरिस्तांवाचं नाव देवळात कशाला. मी म्हटलं, लहानपणी इथे सगळ्यांत मोठ्याने कोण ओरडायचा ते देवाला विचार.

तिसरं मी थोडं बदललंय, रोजामाय गेल्यापासून. “जेचो माणूस लांब आसा, त्या सगळ्यांक सांभाळ रे महाराजा!”

सगळा गाव म्हणतो, “व्हय महाराजा.” सुनंदा पण म्हणते, पदर तोंडाशी धरून.

गाव थांबला की मी एकटा आणखी एकदा म्हणतो. एक श्वास उशिरा, जमेल तेवढ्या मोठ्याने. ते इनासचं राहिलेलं.